उंबरा खेरीज करून

कल्याण, बंदराजवळ
कार्तिक वद्य पंचमी, शके १८०४

नाथास,

आशीर्वाद लिहावा की लिहू नये यावर बराच विचार केला. लिहिला आहे असे समजून पुढे वाच.

तुझे पत्र आगबोटीच्या टपालाने पोचले. अकरा वर्षांतले पहिले. टपालवाला "काळुदादा, जंगबारहून आलंय!" असे ओरडत आला तेव्हा आळीतल्या प्रत्येक दारातून एकेक डोके बाहेर निघाले. तू तिकडची बाई घरात घेतलीस हे कळले त्या दिवशी मी तुझ्या नावाने खाडीत आंघोळ केली होती, आणि ती या सर्व डोक्यांनी पाहिली होती. आता मेलेल्या भावाचे पत्र कसे आले असे कोणी विचारले तर काय उत्तर द्यायचे ते मी बघेन. तू त्याची काळजी करू नकोस.

आगर कसा चालला आहे असे विचारतोस. चालत नाही. लहान मिठागरे बंद करण्याचा हुकूम निघाला, त्यात आपला कळव्याचा आगर गेला. बाहेरचा बांध फोडून खाडी आत घेतली. आजोबांनी चोपून चोपून आरशासारखी केलेली जमीन होती. पहिल्या भरतीतच तिचा चिखल झाला. मी शेवटपर्यंत उभा राहून बघितले. आता दुसऱ्याच्या आगरावर मजुरांवर देखरेख करतो. मालक माझ्या मुलाच्या वयाचा आहे, म्हणजे मला मुलगा असता तर. तो मला 'अरे काळू' म्हणतो.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो. जंगबारात लवंगेच्या वखारीमागे एका अरबाचे दगडी घर विकाऊ आहे, किंमत सातशे रुपये. तुझ्याजवळ दोनशे जमले आहेत, पाचशे मी घातले तर कागदावर दोघांचे नाव लागेल आणि आम्ही उभयतांनी तिकडे येऊन राहावे, असे तू लिहितोस. वखारीत मापाला खात्रीचा माणूस हवा आहे आणि तुझा शेठ माझे नाव ऐकून राजी आहे, हेही वाचले. 

मी नाही म्हणत नाही. पण तुझ्या पत्रात घराचे वर्णन म्हणून जे आहे, ते वाचून कोणी गोठासुद्धा घेणार नाही. दगडी म्हणजे कसला दगड? काळा, की समुद्रातला भुसभुशीत? विहीर घराची आहे की वाटेवरची? अरबाला भाऊ आहेत काय, आणि असल्यास त्यांची संमती कागदावर येणार काय? दाराची रुंदी तीन हात लिहिली आहेस. कोणाचे हात? तुझा हात लहानपणापासून आखूड आहे. सोबत सुतळी पाठवतो. ती आपल्या पुढच्या दाराच्या उंबऱ्याइतकी कापली आहे. तिथल्या दाराला लावून बघ आणि जेथे फरक पडेल तेथे गाठ मारून परत पाठव. कशासाठी ते विचारू नकोस.

तुझी वहिनी शेजारी बसून सांगते ते लिहितो, न लिहिल्यास ती चुलीकडे जाणार नाही. "नाथाभावजींना इचारा, तुमच्या बायकोला भाकरी थापता येते का? नसंल येत तर मी आल्याव शिकवीन. आन् पोराचं नाव काय ठेवलंत?" मी म्हणालो, पत्रात आहे, आनंदा. तर म्हणते, "तुमी मना सांगितलाच नाय." मी सांगितले होते. बहुधा.

काळुराम


कल्याण
पौष शुद्ध दशमी, शके १८०४

चिरंजीव नाथास आशीर्वाद.

सुतळी गाठीसह पोचली. आपला उंबरा तिथल्या दारापेक्षा चार बोटे लांब आहे. भिंत दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटे कोरून घे. उंबरा कापायचा नाही. आता कशासाठी ते तुला कळलेच असेल.

घर विकले.

घेणारा दगडू मुकादम, मूळचा साताऱ्याकडचा, इथे रेल्वेच्या कामावर आहे. माणूस सरळ आहे, फक्त मोठ्याने बोलतो. मी पाचशे म्हणालो, त्याच्याजवळ साडेचारशे होते. मी एक दिवस थांबलो, तोही थांबला. मग साडेचारशेला दिले. खरेदीखत मीच सांगितले, कारकुनाने फक्त लिहिले. घर, परसू, दोन फणस, विहिरीतला चौथा हिस्सा, 'पुढील दाराचा सागवानी उंबरा खेरीज करून'. इथे कारकुनाने लेखणी खाली ठेवली. दगडू म्हणाला, "उंबरा खेरीज? काळुरामदादा, बैल इकला आन् शिंगं ठिवून घेतली, असं कुठं असतंय व्हय?"

मी म्हणालो, शिंगे माझ्या बापाची आहेत.

"आन् माज्या घरात लक्षुमी यायची कुठनं? खिडकीतनं?"

त्याची बायको रखमाबाई भिंतीआड उभी होती. ती म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्या की. त्यांच्या आईबापाचं पाय लागल्याला हाय त्याला." मग दगडूने कारकुनाला लिही म्हणून खूण केली. तसा कागद झाला. अक्षय तृतीयेपर्यंत आम्ही घरात राहायचे असेही त्यात लिहून घेतले आहे.

बाबांनी तो सागाचा ओंडका मुरबाडच्या रानातून कसा आणला हे मी सांगण्याची गरज नाही. तुझा पुढचा दात त्याच उंबऱ्यावर पडला आणि आईने दाताऐवजी आधी लाकूड तपासले, हे तुला आठवत असेल. पहारीने उपटताना खाली तांब्याचा एक पैसा निघाला, पार हिरवा झालेला. घर बांधताना बाबांनी ठेवलेला असणार. तुझ्या वहिनीने तो घासून पुसून कमरेच्या पिशवीत टाकला.

आता पैशांचे. पाचशे हवे होते, हातात साडेचारशे. वहिनीने पुतळ्यांची माळ काढून माझ्यापुढे ठेवली. "ही घ्या. तिकडं कोन बघतंय माझा गला?" मी माळ तिच्या हातात परत दिली. बायकोच्या अंगावरचे उतरवून घर घेणाऱ्यांतला काळुराम नव्हे. तसेच, उरलेले पन्नास जमेपर्यंत अरबाला चार महिने थांबायला सांग असे तुला लिहिण्याची पाळी मी येऊ दिलेली नाही. मुंबईस मांडवीवर एका भाटिया शेठच्या पेढीवर गेलो आणि त्या साडेचारशेतच पूर्ण पाचशेची हुंडी करून आणली. ती यासोबत आहे. पेढीची शाखा तुझ्या तिथे बंदरावरच आहे.

दर्शनी हुंडी घे, दाखवल्याबरोबर पैसे मिळतात, महाग पडली तरी तीच घे, असे तू लिहिले होतेस. तू लवंगा तोल. हुंडी मला कळते. 

अरबाला विसार देऊन टाक. दोनशेच्या दोनशे दे, म्हणजे त्याची खात्री पटेल.

तुझा दादा
काळुराम


कल्याण
फाल्गुन वद्य द्वितीया, शके १८०४

चिरंजीव नाथा,

तुझ्या पत्रातला चढा सूर कळला. तुमच्या तिथल्या पेढीवाल्याने हुंडी उलटसुलट करून "गलबत येऊ द्या, मग बघू" असे सांगितले आणि तू वखारीतल्या लोकांसमोर खाली मान घालून परत आलास, असे लिहितोस. खाली मान घालण्याचे कारण नव्हते. त्या हुंडीची रीतच तशी आहे. तिला जोखमी हुंडी म्हणतात. शेठचा माल ज्या गलबतात भरला आहे, ते गलबत तुमच्या बंदराला लागले की त्याच्या पेढीने पाचशे मोजायचे. म्हणूनच ती स्वस्त असते.

आणि न लागले तर? असे तू विचारशील. विचारलेच आहेस, दोनदा. 

म्हणून पेढीवर काय झाले ते जसेच्या तसे लिहितो. मुनीमजींनी मला दर्शनीचा भाव सांगितला : पाचशेला पाचशे, आणि वर हुंडावन म्हणून दहा रुपये. ते माझ्या आटोक्याबाहेर होते. मी उठणार, तोच त्यांच्यापुढच्या उघड्या वहीकडे नजर गेली. मी अक्षर कसा शिकलो हे तुला ठाऊक आहे. मिठाचे माप लिहिणाऱ्या कारकुनाच्या समोर बसून; त्याने मला कधी शेजारी बसू दिले नाही. त्यामुळे मला आधी उलटे वाचता येऊ लागले, सुलटे नंतर. त्या वहीत उलट्या बाजूने मी वाचले : जंगबार, शंभराची नव्वदला. पाचशेची बरोबर साडेचारशेला! माझ्या कमरेला बांधलेली रक्कम पाहूनच कोणी लिहावे, असा आकडा होता.

मी बोट ठेवले. म्हणालो, हा भाव व्यापाऱ्याला, आणि तो भाव मला? आगरी माणूस बघितला म्हणून?

मुनीमजी वही मिटून म्हणाले, "काळुभाय, ते तुमच्यासाठी नाय. ते वेपारी लोकांचा खेल हाय. गलबत पोचला तर पैसा, बुडला तर राम राम."

"शेठ काय बुडणाऱ्या गलबतात माल भरतात?"

"शेठ दहा गलबतात भरतात, भाय. एक गेला तर नऊ हाय. तुमची किती हाय?"

पेढीवरचे दोघे-तिघे हसले. वाईट हेतूने नसेल. पण मी म्हणालो, माझे एकच आहे, ते मी बघून घेईन.

आणि मी बघितले, नाथा. असे समजू नकोस की डोळे मिटून आलो. बंदरावर जाऊन ते कोटिया गलबत, 'फतेसलामत' त्याचे नाव, मी आतून बाहेरून पाहिले. फळ्या बोटांनी ठोकून बघितल्या. सांध्यांतला कापूस नवा होता, तेल ताजे होते. डोलकाठी एकसंध, कोठे सांधलेली नाही. नाखवा कच्छकडचा, म्हातारा, उजव्या डोळ्यात थोडा मोतीबिंदू आहे पण डावा लख्ख. मी त्याला वाऱ्याचे चार प्रश्न विचारले, चारही बरोबर सांगितले. मग त्याच्याच हाती उंबरा दिला. गोणपाटात गुंडाळला आहे, दोन्ही टोकांना सुंभ बांधला आहे. बापाचा उंबरा ज्या गलबतात घालायला मी भ्यालो नाही, त्यात पैसे घालायला का भ्यावे? हा माझा विचार होता. यात चूक कोठे आहे ती दाखव.

फक्त एवढे झाले की गलबत पौषात निघायचे ते माल पुरा भरेना म्हणून थांबले. पौष गेला, माघ गेला. दर आठवड्याला मी मांडवीवर जाऊन येत होतो. मुनीमजी म्हणाले, माल शेठचा, मर्जी शेठची. काल होळीच्या दुसऱ्या दिवशी शीड चढवले. मी धक्क्यावर होतो. उत्तरेचा वारा अजून आहे. पूर्वीइतका भरीव नाही, पण आहे. 

तेव्हा अरबाला चैत्र अखेरपर्यंत थांबव. दोनशे त्याच्या घशात आहेत, तर तो थांबेल.

घराच्या दारात सध्या उंबऱ्याच्या जागी चर आहे. तुझी वहिनी सकाळी त्या चरालाच हळदकुंकू वाहते. मी म्हणालो, अगं, खड्ड्याची पूजा कसली करतेस? तर म्हणते, "तुमी तुमची हुंडी बघा."

हुंडीचा प्रकार तिला होळीच्या दिवशी सांगितला. आपण होऊन सांगितला. तिने पुरणपोळी तव्यावर तशीच ठेवली, खालून जळेपर्यंत. मग म्हणाली, "पुतल्यांची माल देत व्हतू मी."



काळुराम


डोंबिवली
ज्येष्ठ शुद्ध सप्तमी, शके १८०५

चिरंजीव नाथास,

वर गावाचे नाव बदलले आहे ते पाहिलेस. अक्षय तृतीयेला घर सोडले, ठरल्याप्रमाणे, सूर्योदयाला. दगडू म्हणाला होता, "दादा, पाऊसकाळ हितंच काढा, मागल्या खोलीत. कागद आपला आपुन लिवलाय, आपुनच मोडू." मी त्याला सांगितले की माझ्या सहीचा कागद मी मोडत नाही. तो म्हणाला, "तुमी लई शिकलात, दादा." काय अर्थाने ते कळले नाही.

आम्ही लक्ष्मीकडे आहोत. तिच्या नवऱ्याने गुरांचा गोठा रिकामा करून दिला आहे, सारवून घेतला आहे, कोरडा आहे. बहिणीच्या घरी राहतो असे लोक म्हणतात. बहिणीच्या घरी नाही, गोठ्यात राहतो. भाड्याचे दर महिना आठ आणे देतो. लक्ष्मी घेत नव्हती. मी तिच्या शिंक्यात ठेवून येतो.

तुझे वैशाखातले पत्र मिळाले. फतेसलामत आले नाही, त्याच्या मागून निघालेले दुसरेही आले नाही, अरबाने एक महिना वाढवून दिला आहे आणि त्यापुढे विसार बुडाला असे धरायचे. समजले.

आता नीट ऐक. घाबरण्यासारखे अजून काही नाही. मी इथे दोन म्हाताऱ्या तांडेलांना भेटलो. उशिरा निघालेल्या गलबताला वारा फिरला की ते सरळ जात नाही. सोकोत्र्याच्या बेटाला नाहीतर अरबांच्या किनाऱ्याला लागून पावसाळा काढते आणि पुढच्या हंगामात सुखरूप निघते. असे त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितले आहे. म्हणजे गलबत बुडाले नसून थांबले आहे, असे धरायला जागा आहे. हुंडीत मुदत लिहिलेली नाही. गलबत पुढच्या पौषात लागले तरी पाचशे देणे पेढीला भाग आहे. हे अरबाला समजावून सांग. नाहीतर तुझ्या शेठकडून पाचशे उसने घेऊन घर पदरात पाडून घे, हुंडी तारण ठेव.

तुझा शेठ ती हुंडी तारण घेणार नाही, हे लिहिताना मला ठाऊक आहे. तरी एकदा विचार.

गावात करमणूक चालली आहे. परवा पारावरून एकाने विचारले, "काळुदादा, जंगबार कवरा लांब?" दुसरा म्हणाला, "लांब कुठं? कल्यानवरून निंगाला का डोंबिवलीच्या गोठ्यान!" मी थांबून त्यांना खरे अंतर सांगितले. हसू अधिकच झाले.

आगरावरचे काम सुटले आहे. गोठ्यातून कल्याणपलीकडे रोज जाणे-येणे परवडत नाही, आणि मालक 'अरे काळू' वरून 'ए जंगबार' वर आला होता. पुतळ्यांची माळ गेली. वहिनीने न विचारता लक्ष्मीच्या नवऱ्याकडून कल्याणच्या सोनाराला दिली, मला दाणे घरात आल्यावर कळले. सत्तर रुपये आले. हुंडीच्या वेळी साठच कमी पडत होते. हा हिशोब ती मला बोलून दाखवत नाही. मीच करतो, आणि प्रत्येक वेळी तेवढाच येतो.

आनंदाला दात येत असतील. तुझ्या बायकोस आशीर्वाद सांग. वहिनी विचारते तिचे नाव काय. तू एकाही पत्रात लिहिलेले नाहीस. मीही विचारले नव्हते.

दादा


डोंबिवली
आश्विन वद्य तृतीया, शके १८०५

नाथा,

मुनीमजींचा निरोप आला म्हणून मुंबईस जाऊन आलो. फतेसलामतचे तीन खलाशी दुसऱ्या एका गलबतातून कच्छ-मांडवीला परत पोचले आहेत. सोकोत्र्याच्या अलीकडे वारा फिरला, दोन दिवस पाणी उपसत होते, तिसऱ्या दिवशी फळी उघडली. जड सामान आधी समुद्रात टाकले. नाखवा गेला. फळी कोणती, हे मी विचारले. मुनीमजींना ठाऊक नव्हते. मी सर्व फळ्या ठोकून बघितल्या होत्या, फक्त पाण्याखालच्या सोडून. त्या बंदरात उभे राहून बघता येत नाहीत.

मुनीमजींनी मला बसवून पाणी दिले. उपरोधाने एक शब्द बोलले नाहीत. शेठची उरलेली गलबते पोचली आहेत. 

परत आलो तो तुझे पत्र आलेले होते. लक्ष्मीने ते उघडले नव्हते, आणि वहिनीने ते देवापुढे ठेवले होते, काही चांगले निघेल म्हणून. मी तिला वाचून दाखवले. सर्व दाखवले, गाळले काही नाही.

विसार बुडाला. घर एका खोजा व्यापाऱ्याने घेतले. भिंत चार बोटे कोरून ठेवलेली होती, ती तुला तुझ्या खर्चाने भरून द्यावी लागली. तू वखारीच्या माळ्यावर बायको-मुलासह राहतोस आणि शेठ त्याचे भाडे पगारातून कापतो. हे सर्व वाचले. "दादा, पैशाचं काय नाय. पन एकदा म्हन की चुकला. एकदाच. नायतर जसा तू माझ्या नावानं आंघोळ केलास तसा मी पन करतंय." हेही वाचले. वहिनी ऐकत होती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी त्यावर खूप विचार केला आहे. आकडा बरोबर वाचला होता. गलबत बघून घेतले होते, नाखवा पारखला होता. वारा माझ्या हातात नव्हता, शेठचा माल माझ्या हातात नव्हता. पुन्हा त्या पेढीवर बसलो तरी ती वही मला तशीच दिसेल आणि शंभराची नव्वदच दिसेल. जे मला दिसते ते मी नाही कसे म्हणू? तू मागतोस तो शब्द मी दोन वेळा कागदावर काढून बघितला. तो माझ्या अक्षरात बसत नाही. ते कागद चुलीत घातले.

तुझी आंघोळ झाली असेल. समुद्रात केलीस की विहिरीवर, ते लिहिले नाहीस.

तरीही हे पत्र पाठवतो आहे. मेलेल्या भावाचे पत्र येऊ शकते, हे आपल्या घरात झालेले आहे. उत्तराची वाट बघत नाही, कारण टपालाला पैसे लागतात आणि तुझ्याकडेही नसतील. घराची खबर मात्र द्यायची राहिली, ती देतो. दगडूने दाराला नवा उंबरा बसवला आहे. आंब्याचा आहे, सागाचा नाही. दोन पावसाळ्यांत कुजेल. मी त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, "तवा तुमीच या की दादा, चांगला बघून द्यायला." रखमाबाईने वहिनीच्या ओटीत तांदूळ घातले. येताना वाटेत वहिनी म्हणाली, बाई चांगली आहे. एवढेच.

तू पाठवलेली सुतळी माझ्याजवळ आहे, गाठ सोडलेली नाही. त्या गाठीपर्यंत तुझ्या घराचे दार होते. वहिनीने मध्यंतरी तिचा कशाला तरी उपयोग करायला मागितली, मी दिली नाही. मग काल दिली. तिने कोंबडीचा पाय बांधला आहे.

या गोठ्याला उंबरा नाही. गुरांना अडथळा नको म्हणून ठेवत नाहीत. बाबांचा तो तांब्याचा पैसा आम्ही आलो त्या दिवशी वहिनीने दारात पुरला आणि वरून सारवले. तेव्हापासून ती आत-बाहेर करताना तेथे पाय उचलते, जसा आपल्या घरी उचलत असे. डोक्यावर हंडा असला तरी उचलते. लक्ष्मीची पोरे तिच्या मागे पाय उचलून नाचत तिची नक्कल करतात. मी पहिल्या दिवशीच तिला सांगितले होते की येथे काही नाही. ती म्हणाली, "हाय." मग मीही उचलू लागलो. तिला बरे वाटावे म्हणून.

आज सकाळी मी पाय उचलायला विसरलो. ठेच लागली नाही.

काळुराम